पॅरिश : उपऱ्यांच्या वस्तीचे नाव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील संत लॉरेन्सच्या चर्चला जाणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात ‘पॅरिश’ हा शब्द आठवड्यातून किती वेळा येतो, हे मोजण्याच्या भरीस कोणी पडत नाही. पॅरिशचा सण, पॅरिशची सहल, पॅरिश कौन्सिलची बैठक, आणि नव्या ओळखीत हटकून विचारला जाणारा प्रश्न : ‘तुमची पॅरिश कोणती?’ वसईच्या मराठीने या शब्दाला ‘धर्मग्राम’ असा प्रतिशब्द दिला. गोव्याकडून आलेल्या घरांत वडीलधारी माणसे अजून ‘फिर्गज’ म्हणतात. इस्टेटीत मात्र ‘पॅरिश’च रुळला आहे, आणि तो इंग्रजी शब्द आहे असे समजून आपण सारे तो वापरतो.

वास्तविक तो इंग्रजांचाही नाही. इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचने लॅटिनकडून आणि लॅटिनने ग्रीककडून. ग्रीक भाषेतील त्याचे रूप ‘पारोइकिया’. या प्रवासात उच्चार झिजला हे नवल नव्हे, शब्द झिजतातच. नवल हे की त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. ‘माझी पॅरिश’ म्हणताना आपल्या मनात हक्काची जागा असते : जिथे आपला बाप्तिस्मा नोंदला गेला, जिथे आपल्या आजीची कबर आहे, जिथे आपल्याला कोणी ‘तुम्ही कुठले?’ असे विचारणार नाही. ‘पारोइकिया’ म्हणजे मात्र ज्यांना हा प्रश्न रोज विचारला जातो, अशा माणसांचा परक्या गावातला मुक्काम. हा उलटा प्रवास कसा घडला, आणि वागळे इस्टेटसारख्या ठिकाणी त्याची आठवण ठेवणे का अगत्याचे आहे, एवढेच आम्हांला येथे मांडावयाचे आहे.

आधी शब्दाची फोड पाहू. ‘पारा’ म्हणजे शेजारी, लगत. ‘ओइकोस’ म्हणजे घर. या घराच्या शब्दाला ग्रीकमध्ये मोठे गोत आहे. घर चालविण्याची रीत ती ‘ओइकोनोमिया’. तिच्यापासून इंग्रजीतील अर्थशास्त्राचा शब्द आला. माणसांनी वसविलेली सारी पृथ्वी ती ‘ओइकुमेने’. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याला ‘एक्युमेनिकल’ चळवळ म्हणतात ते त्यावरून. धर्मप्रांताला ‘डायोसिस’ म्हणतात त्याच्याही पोटात हेच घर आहे. ‘दिओइकेसिस’ म्हणजे घराची, पुढे राज्याची, व्यवस्था. पॅरिश आणि डायोसिस हे आपल्या चर्चच्या पाटीवर एकमेकांखाली लिहिलेले दोन शब्द म्हणजे एकाच घरचे दोघे भाऊ आहेत.

‘ओइकोस’च्या आरंभी फार जुन्या काळी ‘व’चा उच्चार होता. तो परत बसवला की शब्द ‘वोइकोस’ होतो आणि संस्कृत जाणणाऱ्याचे कान टवकारतात. वेदांतील ‘विश्’ म्हणजे वस्ती किंवा तिथले लोक. ‘वेश्म’ म्हणजे घर. गृहप्रवेशातला ‘प्रवेश’ही त्याच कुळातला. लॅटिनमधील ‘विकुस’, म्हणजे खेडे किंवा मोहल्ला, हाही या घरचाच. वस्तीच्या धन्याला वेदांत ‘विश्पति’ म्हटले आहे. लिथुएनिया या दूरच्या कॅथोलिक देशात आजही प्रार्थनेत प्रभूला ‘व्हिएश्पात्स’ म्हणतात. तो हाच शब्द. गोव्यातला ‘विगार’ मात्र या कुळात ओढून आणण्याचा मोह टाळलेला बरा. त्याचे मूळ ‘दुसऱ्याच्या बदली असलेला’ या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन शब्दात आहे. ध्वनी जुळला की नाते जुळले, असे व्युत्पत्तीत होत नाही.

‘पारोइकोस’ म्हणजे घराला लागून राहणारा, याला संस्कृतात जवळजवळ तोलामोलाचा शब्द आहे : ‘प्रतिवेशी’. उपसर्ग वेगळा, घर तेच. मराठीत तो फक्त पंडितांच्या लेखनात भेटतो; बंगालीत तो रोजचा शब्द आहे. बांगलादेशातील कॅथोलिकांच्या ढाक्याहून निघणाऱ्या साप्ताहिकाचे नावच ‘प्रतिवेशी’ आहे. ज्यांनी ते ठेवले त्यांच्या मनात ‘पारोइकिया’ होती की नव्हती कोण जाणे, पण भाषेने त्यांच्याकडून नेमके काम करून घेतले आहे.

आरंभी ग्रीकमध्येही ‘पारोइकोस’चा अर्थ साधा शेजारी असाच होता. हेरोडोटसच्या इतिहासात तो त्याच अर्थाने येतो. पुढे नगरराज्यांचे कायदे पक्के होत गेले आणि त्या शब्दावर कायद्याचा शिक्का बसला. ग्रीक नगरात राहणारा प्रत्येक जण नागरिक नसे. ज्याचे पूर्वज तिथले, त्याला सभेत मत, जमिनीवर मालकी, देवळाच्या उत्सवात मान. जो बाहेरून येऊन स्थायिक झाला तो पिढ्यान् पिढ्या राहिला तरी बाहेरचाच. अथेन्समध्ये अशा माणसाला ‘मेतोइकोस’ म्हणत. त्याने दरसाल बारा द्राख्मांची पट्टी भरावयाची आणि एखाद्या नागरिकाला आपला जामीन म्हणून दाखवावयाचे. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये याच दर्जाने राहिला; ज्या नगराच्या नावाने त्याची कीर्ती झाली त्या नगरात त्याला मत नव्हते. आशिया मायनरच्या ग्रीक शहरांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या किनाऱ्यावर, अशा माणसाला ‘पारोइकोस’ म्हणत. इ.स.पू. १३३ मध्ये पर्गामचा शेवटचा राजा अत्तालुस आपले राज्य रोमला देऊन मेला, तेव्हा घाबरलेल्या नगराने ठराव करून नोंदवहीत नाव असलेल्या पारोइकोसांना नागरिकत्व दिले. इ.स.पू. ८६ च्या सुमारास मिथ्रिदातेसशी युद्ध पेटले असता इफिस नगरानेही तसेच केले. संकट आले की बाहेरचे आपले होतात, हा अनुभव फार जुना आहे.

या दर्जासाठी मराठीत अचूक शब्द कोणता, याचा शोध करावयास दूर जावे लागत नाही. तो आपल्या मराठी बायबलातच आहे. इफिसकरांस पत्रात संत पौल जिथे ‘पारोइकोइ’ म्हणतो, तिथे मराठी भाषांतरकारांनी ‘उपरी’ हा शब्द घातला. हा शब्द त्यांनी कोशातून नव्हे, गावातून उचलला होता. पेशवाईतील दख्खनच्या खेड्यात कुळांचे दोन वर्ग असत. मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, तो वंशपरंपरेने जमीन कसणारा. त्याची जमीन वारसाने मुलाकडे जाई, गावकीत त्याचा शब्द चाले, लग्नकार्यात व सणात त्याचा मान ठरलेला असे. उपरी हा दुसऱ्या गावाहून आलेला. तो वर्ष-दोन वर्षांच्या बोलीने जमीन कसावयाचा आणि बोली सरली की उठावयाचा. राबण्यात दोघांत फरक नव्हता. पाऊस दोघांच्याही शेतावर सारखाच पडे. फरक होता तो चावडीवर. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात मिरासदार आणि उपरी यांच्यातला हा भेद त्याने मुद्दाम नोंदविला आहे. पुढे जमीनमहसुलाची रीत बदलली, मिरासदारी कागदावरून गेली. ‘उपरा’ हा शब्द मात्र भाषेत राहिला. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दातली सल तसूभरही बोथट झालेली नव्हती.

तेव्हा ‘पारोइकिया’ याचे चोख मराठी करावयाचे तर ते ‘उपऱ्यांची वस्ती’ असे होईल. आता प्रश्न असा की ख्रिस्तसभेने आपल्या घराला असले नाव का घेतले?

त्याचे उत्तर अलेक्झांड्रियात आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तेथील यहुदी विद्वानांनी मोशेच्या पंचग्रंथाचे ग्रीक भाषांतर हाती घेतले. मूळ हिब्रू ग्रंथात परक्या देशात राहणाऱ्या माणसासाठी दोन शब्द वारंवार येतात, ‘गेर’ आणि ‘तोशाव’. भाषांतरकार स्वतःच अलेक्झांड्रियात उपरे होते. त्यांनी या शब्दांसाठी अनेक ठिकाणी ‘पारोइकोस’ वापरला, आणि त्या एका निवडीने सरकारी दप्तरातला शब्द धर्मग्रंथात आला.

तो कोणाकोणाच्या तोंडी आला ते पाहण्यासारखे आहे. सारा मरण पावते तेव्हा अब्राहामाजवळ तिला पुरण्यापुरतीही जमीन नसते. तो हेब्रोनच्या हित्ती लोकांपुढे उभा राहतो आणि आपण तुमच्यात पारोइकोस आहोत हे आधी कबूल करून मगच कबरेसाठी जागा मागतो. एफ्रोन ती फुकट देऊ करतो. अब्राहाम घेत नाही. चारशे शेकेल रुपे तोलून देतो आणि गावच्या वेशीवर साक्षीदारांसमक्ष व्यवहार पुरा करतो. फुकट दिलेली जागा उद्या परत मागितली जाऊ शकते, हे उपऱ्याला जितके कळते तितके मिरासदाराला कळत नाही. देवाने ज्याला सारा देश देऊ केला होता, त्याच्या मालकीची पहिली जमीन ही एक कबर होती. शहरात येऊन राहिलेल्या आणि घरातले पहिले माणूस गेल्यावर दफनासाठी धावाधाव केलेल्या कुटुंबांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

मोशे मिद्यानात पळून गेला, तिथे त्याला मुलगा झाला. त्याचे नाव त्याने गेर्षोम ठेवले आणि कारण सांगितले की आपण परक्या देशात ‘गेर’ आहोत, ग्रीकमध्ये, पारोइकोस. मुलाच्या नावातच बापाचे उपरेपण गोंदवले गेले. पण या साऱ्यांहून धीट वाक्य लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तिथे स्वतः परमेश्वर सांगतो की जमीन कायमची विकता येणार नाही, कारण ती त्याची आहे आणि इस्राएल लोक त्याच्या दारचे उपरे आहेत. हे लोक तेव्हा मिसरात गुलाम नाहीत, रानात भटकत नाहीत. वचनाच्या देशात गेल्यावर पाळावयाचा हा कायदा आहे. म्हणजे स्वतःच्या शेतात उभे असतानाही त्यांचा दर्जा उपऱ्याचाच. या व्यवहारात मिरासदार एकच, आणि तो देव. (वागळे इस्टेटीत उद्योग थाटणाऱ्यांना ही भाषा अपरिचित वाटू नये. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड साधारणतः पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. कारखान्यावर नाव कोणाचेही असो, जमीन महामंडळाची.)

नव्या करारात हा शब्द जिथे येतो तिथे तो आपल्या मराठी वाचनात सहसा दिसत नाही, कारण भाषांतरात तो निरनिराळ्या रूपांनी विखुरला आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाच्या संध्याकाळी दोन शिष्य अम्माऊसला निघाले आहेत. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो आणि काय बोलत आहात म्हणून विचारतो. क्लयपा चकित होऊन म्हणतो की यरुशलेमात काय घडले ते ठाऊक नसलेला उपरा तूच एकटा दिसतोस. तिथे ग्रीकमध्ये ‘पारोइकेओ’ हे क्रियापद आहे. मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूला त्या दिवशी रस्त्यावर मिळालेले संबोधन हे ‘पारोइकोस’ या घराण्यातले आहे. पुढे त्या उपऱ्याला ते आग्रहाने घरी थांबवून घेतात आणि भाकर मोडताना ओळखतात, हे आपण दर वर्षी ईस्टरच्या काळात ऐकतोच.

संत पौल आणि संत पेत्र यांच्यात मात्र या शब्दावरून वरवर पाहता मतभेद दिसतो. इफिसकरांना पौल सांगतो की तुम्ही आता उपरे राहिला नाहीत; पवित्र जनांच्या बरोबरीचे नागरिक, देवाच्या घरची माणसे झालात. या शब्दांचा कायदेशीर वजनदारपणा इफिसच्या लोकांना वेगळा सांगावा लागला नसेल. याच नगराने युद्धाच्या भीतीने पारोइकोसांना नागरिक करून घेतले होते. पेत्राच्या नावाचे पहिले पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया व बिथुनिया या त्याच मुलखातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेले आहे. त्यात त्यांना स्पष्टपणे ‘पारोइकोइ’ म्हटले आहे, आणि त्यांच्या आयुष्याच्या काळाला ‘पारोइकिया’. मग खरे काय? उपरे, की नागरिक?

आमच्या मते दोन्ही पत्रे दोन वेगळ्या दारांशी उभी आहेत. पौल आत येणाऱ्याशी बोलतो : या घरात तू परका नाहीस. पेत्र बाहेर पडणाऱ्याशी बोलतो : या जगावर मालकी सांगू नकोस. पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळीत गुलाम होते, मजूर होते, गावोगाव फिरणारे कारागीर होते. त्यांतील अनेकांना ‘उपरा’ ही शिवी रोज ऐकावी लागत असणार. पेत्राने ती शिवी पुसली नाही. ती अब्राहामाची पदवी आहे असे दाखवून त्यांच्या छातीवर लावली. दोन्ही वचने एकदमच पाळावयाची आहेत. अडचण येते ती माणूस त्यांची अदलाबदल करतो तेव्हा. स्वतःसाठी पौलाचे वचन ठेवून घेतो आणि मागाहून आलेल्याला पेत्राचे देतो.

पहिल्या शतकाच्या अखेरीस, इ.स. ९६ च्या आसपास, रोमच्या ख्रिस्तसभेने करिंथच्या ख्रिस्तसभेला पत्र लिहिले. ते संत क्लेमेंटच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या मायन्यात दोन्ही मंडळ्यांचा उल्लेख ‘त्या त्या नगरात उपरी म्हणून राहणारी’ असा आहे. पॉलिकार्पने फिलिप्पैकरांना लिहिले तेव्हाही तीच रीत. रोमची ख्रिस्तसभा असे कोणी म्हणत नसे. रोममध्ये मुक्कामाला असलेली ख्रिस्तसभा असे म्हणत. हळूहळू हे विशेषण नाम झाले आणि एकेका गावच्या मंडळीला ‘पारोइकिया’ म्हणू लागले.

येथून पुढे मुक्कामाला भिंती येऊ लागतात. ३२५ साली निकाया येथे भरलेल्या महासभेच्या नियमांत ‘पारोइकिया’ म्हणजे बिशपच्या अधिकारातला मुलूख. आपली पारोइकिया सोडून दुसरीकडे गेलेल्या धर्मसेवकाने तिथे परत जावे, असा नियम तिने केला. बादशहा दिओक्लेतिआनुसने साम्राज्याचे प्रांत बारा मोठ्या ‘दिओइकेसिस’मध्ये बांधले होते, कालांतराने तो मोठा शब्द बिशपच्या मुलखाला गेला आणि ‘पारोइकिया’ एका धर्मगुरूच्या हद्दीपुरती उरली. ४५१ सालच्या खाल्केदोनच्या महासभेत तर खेड्यातल्या पॅरिशी कोणाच्या, यावरून बिशपांत होणाऱ्या तंट्यांचा निकाल आहे : ज्याच्याकडे तीस वर्षे विनातक्रार वहिवाट, त्याची ती. उपऱ्यांच्या वस्तीवर वहिवाटीचा हक्क! मिरासदारी कुठून कशी शिरते याचा याहून बोलका पुरावा आम्हांला ठाऊक नाही. १५६३ साली ट्रेंटच्या महासभेने प्रत्येक पॅरिशची हद्द व तिचा स्वतंत्र धर्मगुरू ठरवून दिला, लग्नांच्या नोंदी सक्तीच्या केल्या. पोर्तुगीज मिशनरींनी गोव्यात व वसईतही हीच घडी बसविली. त्यांच्या ‘फ्रेगेझिया’चे कोकणीत ‘फिर्गज’ झाले. तो शब्द ‘ख्रिस्तसभेची लेकरे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून आलेला आहे. गोड आहे, पण त्यात उपरेपणाची आठवण नाही. आपल्या ‘धर्मग्राम’ शब्दातही ती नाही. ग्राम म्हटले की पांढरी आली, पिढ्या आल्या. वसईच्या वाड्यांना तो शोभतोही. आम्ही तो बदलावा असे मुळीच सुचवीत नाही.

आधुनिक ग्रीक भाषेत तर गंमत झाली आहे. तिथे चर्चच्या पॅरिशला ‘एनोरिया’ म्हणतात आणि ‘पारोइकिया’ हा शब्द परदेशी जाऊन राहिलेल्या ग्रीकांच्या वसाहतीला राहिला आहे. अठराव्या शतकात कलकत्त्यास येऊन व्यापार करणारे ग्रीक ही त्या अर्थाने पारोइकिया होती. घर सोडलेल्यांनी शब्दाचा मूळ अर्थ जपला.

लॅटिनमध्ये ‘पारोइकिया’चे ‘पारोकिया’ झाले, त्यामागे आणखी एका शब्दाचा धक्का असावा असे काही विद्वान मानतात. रोमन रस्त्यांवर ‘पारोकुस’ नावाचा एक ठेकेदार असे. सरकारी कामावर निघालेल्या प्रवाशांना मुक्कामी जळण आणि मीठ पुरविणे हे त्याचे काम. कवी होरेसने आपल्या ब्रिंदिसीच्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख केला आहे. पुढे चर्चच्या लॅटिनमध्ये प्रमुख धर्मगुरूला हेच नाव पडले. वाटसरूंच्या वस्तीला जळण-मीठ पुरवणारा, ही धर्मगुरूची व्याख्या आम्हांला अनेक जाड ग्रंथांतल्या व्याख्यांपेक्षा आवडते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ग्रीक भाषा आणि ठाणे-कल्याणचा परिसर यांची ओळख चर्चच्याही आधीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी वाटाड्या-पोथी लिहिली, तीत ‘कल्लिएना’ आहे, म्हणजे आपले कल्याण. पूर्वी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, परंतु पुढे राज्यकर्ता बदलल्यावर तिथे चुकून लागलेल्या ग्रीक गलबतांना पहारा बसवून भडोचला नेतात, अशी त्याची तक्रार आहे. उपऱ्याच्या नशिबातला चौकीपहारा कल्याणच्या खाडीने दोन हजार वर्षांपूर्वी पाहिला. सहाव्या शतकात कोस्मास हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, पुढे संन्यासी झालेला, लिहून गेला की ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असतो. हे ठिकाण म्हणजे कल्याणच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर या परिसरातली आपल्याला ठाऊक असलेली पहिली पारोइकिया ही फारसी बिशपच्या हाताखालची होती.

ठाण्याचा उल्लेख १३२१ सालचा आहे. तोलेंतिनोचे थॉमस, पाद्वाचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन बंधू कोल्लमला निघाले होते. गलबताने त्यांना त्यांच्या मनाविरुद्ध ठाण्यात आणून सोडले. त्यांना आसरा दिला नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाने. पोर्देनोनेचा ओदोरिक लिहितो त्याप्रमाणे त्या वेळी ठाण्यात अशी पंधरा घरे होती. पंथ वेगळा, उपासनेची भाषा वेगळी, तरी दार उघडले गेले. त्या एप्रिलमध्ये चौघेही ठाण्यात हुतात्मे झाले. त्यांचा सोबती जॉर्डन याने त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. थोड्याच वर्षांत ओदोरिक त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. मेल्यावरही त्यांचा मुक्काम हलला. जॉर्डनला १३२९ साली पोपमहाशयांनी कोल्लमचा बिशप नेमले. आपल्या सणांच्या मिरवणुकीत ठाण्याच्या या चार पाहुण्यांची नावे क्वचितच ऐकू येतात. त्या पंधरा घरांची तर कधीच नाहीत. आमच्या मते ठाण्याच्या पॅरिशचा इतिहास पोर्तुगिजांपासून नव्हे, त्या पंधरा घरांपासून सांगावयास हवा.

वागळे इस्टेट या साऱ्या इतिहासात अगदी कालची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी जाहीर झाली ती इथेच, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत. कारखाने उभे राहिले तसे हात आले. गोव्याचे आणि मंगळूरचे फिटर, केरळच्या परिचारिका व टंकलेखक, तामिळनाडूतले मजूर, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांतून आलेली मराठी कॅथोलिक कुटुंबे, वसईची नोकरदार माणसे. किसननगरात, श्रीनगरात, चेकनाक्याच्या आसपास खोल्या मिळाल्या. इथे गावची पांढरी नव्हती, आणि रस्त्यांना नावांऐवजी नंबर होते. ग्रीक कायद्याच्या पंडिताला उदाहरण हवे असते तर याहून शुद्ध पारोइकिया सापडली नसती. पुढे अनेक कारखान्यांचे भोंगे बंद झाले, जागी संगणकाची कार्यालये आली. त्यांच्यामागून नव्या राज्यांतून नवी माणसे आली. रोड नंबर २२ वर पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तिथे रांगेत उभी असलेली आपली मुले दुसऱ्या कोणत्या तरी देशात पारोइकोस होण्यासाठी घराच्या पत्त्याचा पुरावा हातात धरून असतात.

अशा पॅरिशमध्ये ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ हा वाद निघावा, ही खरी विसंगती. पण तो निघतो, हे शहरातल्या कोणत्याही पॅरिशच्या कुटुंबाला ठाऊक आहे. रविवारची सोयीची वेळ कोणत्या भाषेच्या मिस्सेला द्यावयाची? सणाची वर्गणी भाड्याच्या खोलीतल्यांकडून मागावयाची, पण समितीत त्यांना घ्यावयाचे की नाही? दफनभूमीच्या जागेसाठी किती वर्षांचे वास्तव्य दाखवावयाचे? साठच्या दशकात आलेल्यांची नातवंडे आज आलेल्यांना उपरे म्हणतात तेव्हा त्यांच्या तोंडून चावडीवरचा मिरासदार बोलत असतो. मराठी मिस्सेसाठी आग्रह धरणे आम्हांला मान्य आहे, अगत्याचेही वाटते. या भूमीच्या भाषेत देवाची स्तुती व्हावयासच हवी. पण तो आग्रह मातृभाषेच्या प्रेमाचा असावा, वहिवाटीचा नसावा. केरळहून आलेल्या सिरो-मलबार भाविकांसाठी १९८८ साली कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा ‘आपले लोक वेगळे निघाले’ अशी कुरकुर काही ठिकाणी झाली. परगावी गेलेल्याला स्वतःच्या उपासनेच्या भाषेत रडता यावे, एवढाच त्याचा अर्थ, हे समजावयास वेळ लागला.

वागळे इस्टेटीच्या चर्चचे आश्रयदाते संत लॉरेन्स हे परंपरेप्रमाणे स्पेनचे. म्हणजे रोममध्ये तेही बाहेरचेच. ख्रिस्तसभेची संपत्ती हजर करण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी गोरगरिबांना, लंगड्या-आंधळ्यांना पुढे उभे केले, अशी त्यांची कथा सांगतात. १० ऑगस्ट २५८ रोजी त्यांना मृत्युदंड झाला. त्या यादीत कोण किती वर्षांपासून रोममध्ये राहत होते, याची नोंद कथेत नाही.

कायद्याचे मात्र नोंदीवाचून चालत नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेने पॅरिशची व्याख्या करताना ‘स्थिर’ स्थापन झालेला समुदाय असा शब्दप्रयोग केला आहे. पण त्याच संहितेचे शंभरावे कलम आम्हांला अधिक बोलके वाटते. माणसाचे राहण्यावरून तिथे चार प्रकार केले आहेत : कायम रहिवासी, तात्पुरता रहिवासी, प्रवासी आणि ज्याला कुठेच ठिकाणा नाही असा भटका. यांतील मधल्या दोघांना लॅटिनमध्ये ‘आद्वेना’ आणि ‘पेरेग्रिनुस’ म्हटले आहे. संत जेरोमच्या लॅटिन बायबलात हेब्रोनच्या वेशीवर कबरेसाठी जागा मागणारा अब्राहाम स्वतःला जे दोन शब्द लावतो, ते हेच. पुढे १०२ व्या कलमात मुदती दिल्या आहेत. कायम राहण्याचा हेतू असेल तर पहिल्या दिवसापासून, नसेल तर पाच वर्षांनी माणूस पॅरिशचा कायम रहिवासी होतो. तात्पुरता रहिवासी होण्यास तीन महिने राहणे, किंवा तेवढे राहण्याचा नुसता हेतू असणे, पुरते. आणि तेवढ्याने तिथला धर्मगुरू त्याचा स्वतःचा धर्मगुरू होतो. किसननगरातल्या खोलीचा भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. ज्याच्याजवळ तोही नाही, त्याच्यासाठी १०७ वे कलम आहे : भटका आज ज्या ठिकाणी आहे, तिथला धर्मगुरू हाच त्याचा धर्मगुरू.